मुळांसकट आलेलीं माणसें

परदेशीं जाऊन वसणारा मनुष्य आपल्या मुळांपासून तुटतो काय? या प्रश्नानें अमेरिकेच्या इतिहासकारांत मोठा वाद माजविला. त्या वादाला नवें वळण मिळालें तें शिकागो शहरांतील इटालियन वस्त्यांच्या अभ्यासामुळें. आणि तो अभ्यास रूडॉल्फ व्हेकोली यांचा.

1880 ते 1920 या काळांत सुमारें 40 लाख इटालियन अमेरिकेस गेले. त्यांपैकीं बहुतेक दक्षिण इटली व सिसिली येथील गरीब शेतकरी आणि मजूर होते. अशा स्थलांतरितांचें करुण चित्र ऑस्कर हँडलिन यांनीं 1951 सालीं आपल्या ग्रंथांत रेखाटलें. जिव्हाळ्याच्या ग्रामजीवनांतून उपटला गेलेला शेतकरी परक्या नगरांत एकाकी व दिङ्मूढ होतो, असें त्यांचें प्रतिपादन. 1952 सालीं ग्रंथास पुलित्झर पारितोषिक मिळालें, व त्या चित्राचा मोठा प्रभाव पडला.

व्हेकोली यांचा जन्म 1927 सालचा. आईबाप इटलीहून आलेले. 1964 सालच्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, दक्षिण इटलीचा शेतकरी तसल्या खेड्यांत राहतच नव्हता. तो दाट वस्तीच्या कसब्यांत राही व दूरच्या शेतांवर जाई. त्याची निष्ठा गांवकीशीं नव्हे, कुटुंबाशीं. हें कुटुंब शिकागोंत विस्कटलें नाहीं. एका गांवचे लोक शेजारीं शेजारीं राहूं लागले, परस्परसाहाय्याच्या मंडळ्या स्थापन झाल्या, गांवच्या संतांचे उत्सव नव्या रस्त्यांवर निघूं लागले. मजुरांना रेल्वेच्या कामावर धाडून त्यांना लुबाडणारा मुकादम, ज्यास ते ‘पद्रोने’ म्हणत, त्याचीहि पाळेंमुळें व्हेकोलींना जुन्याच समाजांत दिसलीं. चांगल्याबरोबर वाईटहि समुद्र ओलांडून आलें होतें. जें खरें तें त्यांनीं लिहिलें. आपल्या लोकांचें कौतुक म्हणून कांहीं झांकलें नाहीं.

परंतु असा इतिहास लिहावयाचा तर साधनें हवींत. गरीबांचीं कागदपत्रें राजदफ्तरांत फारशीं सांपडत नाहींत; तीं घरोघरच्या पेट्यांत असतात, आणि म्हातारीं माणसें गेलीं कीं रद्दींत जातात. 1967 पासून 2005 पर्यंत मिनेसोटा विद्यापीठाच्या स्थलांतर-इतिहास केंद्राचे संचालक या नात्यानें व्हेकोली यांनीं पत्रें, वृत्तपत्रें व मंडळ्यांचीं दफ्तरें जमविण्याचें कार्य चालविलें. 2008 सालीं ते निवर्तले. त्यांचे निष्कर्ष उद्यां कोणी खोडील. पण तें खोडण्यासहि त्याला याच कागदांपाशीं यावें लागेल.