सरकारने वेबसाइट ब्लॉक केली तर? कायद्याची मदत कशी मागायची, टप्प्याटप्प्याने

२०२२ मध्ये भारतात व्हीएलसी मीडिया प्लेअरची वेबसाइट अचानक उघडेनाशी झाली. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या पॅरिसच्या संस्थेला ना नोटीस आली होती, ना कारण सांगितलं गेलं होतं. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी दूरसंचार विभाग आणि आयटी मंत्रालयाला कायदेशीर नोटीस पाठवली. मागणी साधी होती: आदेशाची प्रत द्या आणि आमचं म्हणणं ऐका. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्यासाठी खटला चालवावा लागला नाही.

अशा वेळी बहुतेक जण व्हीपीएन लावतात आणि विषय सोडून देतात. पण तुमचा स्वतःचा ब्लॉग, छोटं न्यूज पोर्टल किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट ब्लॉक झाला, तर तुमच्या व्हीपीएनने वाचक परत येत नाहीत. तिथे कायद्याचाच रस्ता धरावा लागतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. म्हणून हा लेख वकिलाच्या सल्ल्याऐवजी नाही, तर वकिलाकडे जाण्याआधी काय माहीत असावं यासाठी आहे.

आधी खात्री करा: खरंच ब्लॉक आहे का?

माझ्याकडे "साइट ब्लॉक झाली" म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारींत डोमेनचं नूतनीकरण राहिलेलं असतं किंवा एसएसएल सर्टिफिकेट संपलेलं असतं. म्हणून आधी हे तपासा:

१. मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हींवर उघडून बघा. शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही.
२. परदेशातल्या मित्राला लिंक पाठवून त्याच्याकडे उघडते का ते विचारा.
३. ऊनी प्रोब हे मोफत अ‍ॅप टाकून तुमच्या साइटची चाचणी घ्या. ब्लॉकिंग कुठल्या पद्धतीने होतंय याचा अंदाज ते देतं. त्याचे निकाल सार्वजनिक होतात, हे लक्षात ठेवा.

एका नेटवर्कवर साइट उघडते आणि दुसऱ्यावर नाही, असं का होतं? कारण ब्लॉक करण्याचं काम प्रत्यक्षात इंटरनेट कंपन्या करतात आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी असते. कोणी डीएनएसमधून चुकीचा पत्ता देते. कोणी कनेक्शन जोडताना फोन साइटचं जे नाव उघडपणे पाठवतो, ते वाचून कनेक्शन तोडते.

अजून एक गोष्ट. साइट एचटीटीपीएसवर असेल तर कंपनीला फक्त साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. त्यामुळे आक्षेप एका पानावर असला तरी अख्खी साइट बंद होते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई एटीएसच्या मागणीवरून निघालेल्या कारवाईत ३२ साइट्स ब्लॉक झाल्या. त्यात गिटहब आणि व्हिमिओसुद्धा होत्या. तुमच्या तक्रारीत हा मुद्दा जरूर घ्या: आक्षेप कशावर आणि बंद काय केलं?

आदेश कोणाचा? त्यावर पुढचं सगळं ठरतं

सरकारचा आदेश: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ हा मुख्य आधार. देशाची सार्वभौमता व एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणं, एवढ्याच कारणांसाठी हे कलम वापरता येतं. "आम्हाला आवडलं नाही" हे कारण या यादीत नाही.

कोर्टाचा आदेश: हा बहुतेक वेळा पायरसीच्या खटल्यातून येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशामुळे इंटरनेट आर्काइव्ह भारतात बंद पडलं होतं. अशा वेळी मंत्रालयाला पत्र लिहून फार उपयोग नाही. ज्या खटल्यात आदेश निघाला, त्याच खटल्यात वकिलामार्फत अर्ज करावा लागतो.

हे ओळखायचं कसं? ब्लॉकची पाटी नीट वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या. २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या पायरसीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट अख्ख्या साइट्स बंद करायला नकार दिला होता. पाटीवर खटल्याचा तपशील हवा, म्हणजे चुकून अडकलेल्याला दाद मागता येईल, असंही सांगितलं होतं. पण आजही अनेकदा पाटीवर एका ओळीपलीकडे काही नसतं. मग लेखी विचारणं हाच मार्ग.

तुमचे हक्क काय?

कलम ६९अ साठी २००९ चे नियम आहेत. त्यांनुसार मजकूर टाकणाऱ्याला किंवा तो होस्ट करणाऱ्या कंपनीला शोधण्याचा वाजवी प्रयत्न करून नोटीस द्यायची असते आणि उत्तरासाठी किमान ४८ तास द्यायचे असतात. तातडीच्या स्थितीत आधी ब्लॉक करता येतं, पण ४८ तासांत प्रकरण समितीपुढे ठेवावं लागतं.

अडचण आहे नियम १६ ची. त्यात तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगितलंय, आणि त्याच्यावर बोट ठेवून आदेशाची प्रत नाकारली जाते. इथे दोन निकाल कामाला येतात.

श्रेया सिंघल खटला, २०१५: सर्वोच्च न्यायालयाने कलम ६९अ कायम ठेवलं, पण त्याचा एक आधार असा की आदेशात कारणं लेखी असतात आणि त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं.

डाऊरी कॅल्क्युलेटर प्रकरण: हुंड्याची खिल्ली उडवणारी ही साइट २०१८ मध्ये ब्लॉक झाली. तिचा कर्ता दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मे २०२२ मध्ये कोर्टाने त्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी देण्यास सांगितलं.

आदेशच दाखवला नाही तर त्याला आव्हान देणार कसं? म्हणून सगळ्यात पहिली मागणी "साइट सुरू करा" ही नसून "आदेशाची प्रत द्या" ही असते.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

१. पुरावा जपा. तारीख, वेळ, कंपनी, शहर आणि स्क्रीनशॉट. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट कॉम्प्रेस होतो, म्हणजे हॅश बदलते.

२. लेखी विचारा. इंटरनेट कंपनी, दूरसंचार विभाग आणि आयटी मंत्रालय, तिघांनाही. बातम्यांची साइट असेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयालाही. ईमेल करा आणि स्पीड पोस्टने प्रतही पाठवा. पत्रात पाच गोष्टी हव्यात: साइटचा पत्ता, ती कधीपासून व कुठल्या नेटवर्कवर बंद आहे, नोटीस मिळाली नाही हे विधान, आदेशाच्या प्रतीची मागणी, सुनावणीची मागणी.

३. आरटीआय टाका. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बहुधा नकार येईल. पण तो लेखी नकारही पुढे याचिकेत जोडता येतो.

४. वकील गाठा. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या दोन संस्था याच विषयात काम करतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, १८ वर्षांखालची मुलं आणि कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारी मोफत कायदेसेवाही मिळू शकते. हेल्पलाइन १५१००.

५. शेवटी रिट याचिका. संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालय, त्याची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही आहे. याचिकेला वेळ लागतो, म्हणून वकिलाला अंतरिम दिलाशाबद्दल पहिल्याच भेटीत विचारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका व्यंगचित्रावरून विकटन या तमिळ माध्यमसमूहाची अख्खी साइट बंद झाली. ६ मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: व्यंगचित्र तात्पुरतं काढा, मग साइट सुरू करा. असा अटींचा दिलासा घ्यायचा की नाही, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

नेहमीचे प्रश्न

साइट माझी नाही, मी नुसता वाचक आहे. मी काही करू शकतो का?
हो. माहिती मिळवणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलंय. तुम्ही आरटीआय टाकू शकता, चाचणीचे निकाल गोळा करू शकता आणि साइटच्या मालकाला कळवू शकता. कित्येकदा मालकाला पत्ताच नसतो.

व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का?
नुसतं व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. मात्र जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने तात्पुरती बंदी घातली होती, तेव्हा स्थानिक आदेश बघा.

ब्लॉक झाल्यावर लगेच नवीन डोमेन घेऊन तोच मजकूर टाकू का?
वकिलाशी बोलल्याशिवाय नको. आदेश हाती नसताना असं केलं, तर तुम्ही तो मुद्दाम चुकवला असा अर्थ काढला जाऊ शकतो. मजकुराचा बॅकअप मात्र आजच घ्या, आणि सर्व्हरचे लॉग डिलीट करू नका. साइट कुठल्या दिवशी, कुठल्या नेटवर्कवरून बंद पडली हे त्यांच्यातूनच सिद्ध करता येतं.