मुंबईत दीड दिवस : बंदर कुठे दिसते?

उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याहून मुंबईला जाऊन आलेले विद्यार्थी, शाळेतले सहकारी, जठारपेठेतले शेजारी मला हौसेने मोबाइलमधले फोटो दाखवतात. गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, हाजी अली. फोटो चांगले येतात, तक्रार काही नाही. पण मुंबई हे एक बंदर आहे आणि त्या बंदरामुळेच ते शहर झाले, हे त्या फोटोंवरून कुणाला कळणार नाही. त्यांत समुद्र दिसतो, बंदर दिसत नाही.

याचे कारण साधे आहे. पर्यटक पाहतो तो पश्चिमेचा समुद्र, मरीन ड्राइव्हपासून हाजी अलीपर्यंतचा. बंदर आहे पूर्वेला. ससून डॉकपासून गेटवे, बॅलार्ड पिअर, भाऊचा धक्का, शिवडीपर्यंतचा हा किनारा बऱ्याच ठिकाणी भिंतीमागे आहे. आणि आपल्या वऱ्हाडाचा मुंबईशी जो जुना संबंध आहे, तो या भिंतीमागच्या किनाऱ्याशी आहे. आपल्याकडून तिथे दोन गोष्टी जात असत. एक कापूस, दुसरे हाजी.

कापसाच्या व्यापारात वऱ्हाडच्या मालाला ‘ऊमरा’ म्हणत. अमरावतीचे जुने नाव उमरावती, इंग्रजांनी ते आपल्या जिभेप्रमाणे वळवले आणि पुढे लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस याच नावाने विकला जाऊ लागला. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द दिसला की उमराह आठवतो. दोन्ही शब्दांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, पण दोन्हींची वाट एकाच बंदरातून गेली, हे मात्र खरे.

अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. रात्री अमरावती एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटी. उतरल्या उतरल्या स्टेशनच्या इमारतीचा फोटो काढण्याची घाई करू नका. तिचे तोंड पश्चिमेला आहे, सकाळी ऊन मागून येते आणि फोटो काळवंडतो. टाउन हॉलच्या पायऱ्या आणि ओव्हल मैदानावरून दिसणारा राजाबाई टॉवर यांचेही तसेच. या तिन्ही जागा दुपारनंतरच्या. सकाळी फक्त स्टेशनचे जुने नाव आठवा : बोरीबंदर. इथे धक्का होता, पोती उतरत. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी इथूनच ठाण्याला गेली. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. पुढच्या काही वर्षांत या दोन घटना एकमेकींना रुळांनी जोडल्या गेल्या.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. भाव चढले. १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला, १८७० ला खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा निघाला. रेल्वे माणसांसाठी आली, असे आपण मुलांना शिकवतो. वऱ्हाडात ती गाठींसाठी आली. त्या तेजीत ज्यांनी अमाप पैसा केला त्यांत प्रेमचंद रायचंद हे प्रमुख नाव. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईचा शेअर बाजार बुडाला, तेही बुडाले. पण त्याआधी त्यांनी विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी पैसे दिले होते. आईचे नाव राजाबाई, तेच मनोऱ्याला. तेव्हा ओव्हल मैदानातून राजाबाई टॉवरचा फोटो काढताना आपल्या काळ्या मातीचाही त्यात वाटा आहे, असे समजायला हरकत नाही. वऱ्हाडच्या कुणब्याच्या नावाचा मनोरा कुठेही नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच प्रदेश होरपळला.

कापूस ठेवायची जागाही शहराने दोनदा बदलली. आधी टाउन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात गाठी रचल्या जात. तिथे आता हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे. १८४४ ला हा बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडे, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर. त्या वस्तीचे नाव कॉटन ग्रीन. हार्बर लाइनचे स्टेशन आहे, सीएसएमटीवरून थेट लोकल. तिथे उतरून गोदामांच्या रांगा आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत पाहा. पर्यटक इथे जवळजवळ नसतात. अकोल्याच्या जिनिंग कारखान्यांची लोखंडी पत्र्याची छपरे ज्याने पाहिली आहेत, त्याला इथे परके वाटणार नाही.

आता हाजींची वाट. सीएसएमटीपासून क्रॉफर्ड मार्केट पायी दहा मिनिटे. त्याच भागात हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना. मोगल काळात हजची जहाजे सुरतेहून सुटत, म्हणून सुरतेला बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजा, म्हणत. वाफेची जहाजे आली आणि हे काम मुंबईकडे आले. देशभरातून रेल्वेने येणारे हाजी जहाजाची तारीख लागेपर्यंत इथे थांबत. बिछाना, तांदळाची थैली, स्टोव्ह, कफनाचे कापड असे सगळे सामान बरोबर असे. १८७७ ला सुरू झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून घरोघरी माहीत झाली. इस्लामी, मुहम्मदी, मुजफ्फरी, अकबर ही तिच्या जहाजांची नावे आमच्या लहानपणी म्हातारी माणसे नातेवाइकांच्या नावांसारखी घेत. मुंबई ते जेद्दा २३०० सागरी मैल, एका बाजूने बारा ते पंधरा दिवस. १९५९ ला रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असत आणि त्या नोटा सौदी अरेबियात चालत, भारतात नाही.

माझे नाना-नानी १९७३ ला ‘अकबर’ने गेले. आमच्या घरात तसबीर भिंतीवर लावणे नापसंत होते, फोटो काढणे तर दूरच. पण हजच्या कागदांना फोटो लागतो. फोटोग्राफर घरी बोलावला, अंगणात चादर बांधली आणि नानीने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे पाहिले. तिचा तरुणपणाचा तेवढाच चेहरा आज आमच्याकडे आहे, कोपऱ्यावर अर्धा शिक्का उमटलेला. अशा चौकशीत मला अकोला, बाळापूर, अकोट इथल्या निदान डझनभर घरांत हीच गोष्ट आढळली : घरातला सर्वांत जुना फोटो हजचा. ज्या समाजात फोटोबद्दल इतका वाद होता, तिथल्या बायकांचे चेहरे या बंदराने जपून ठेवले. म्हणून मुंबईला जाण्याआधी घरातल्या पेट्या उघडा. जहाजाने हज केलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांना विचारून घ्या, कुठे उतरले, कुठे थांबले, कोणत्या धक्क्यावर चढले. कागदांचे फोटो आधी काढा, इमारतींचे नंतर.

मुसाफिरखान्याहून थोड्या अंतरावर, कापडाच्या आणि सोन्याच्या बाजारात, जामा मशीद आहे. आमच्या यादीत एकच जागा ठेवायची झाली तर मी ही ठेवीन. इथे एक तलाव होता. गोवा आणि कालिकतशी व्यापार करणाऱ्या एका व्यापाऱ्याची ती जमीन. तलाव बुजवायचा नाही या अटीवर त्याने १७७५ ला मशिदीसाठी होकार दिला आणि बांधकाम १८०२ ला पुरे झाले. अट आजही पाळली जाते. पाण्यातून उठलेल्या सोळा काळ्या दगडी कमानी वरची सगळी मशीद तोलून धरतात. पायऱ्यांवर वुजू करणारे लोक, पाण्यात मासे, वर लाकडी खांब. उजेड कमी असतो, मोबाइल कठड्यावर टेकवून धरा. नमाजातल्या माणसाचा फोटो काढू नका, आणि कुणाचाही काढण्याआधी विचारा.

१८३७ ला या मशिदीचा वरचा मजला वाढवला तो नाखुदा मोहम्मद अली रोगे यांनी. कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक, जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार. चीनकडे त्यांची जहाजे कापूस नेत आणि अफूही नेत. मशिदीच्या इतिहासात अफूचा उल्लेख नको, असे मला एका सभ्य गृहस्थांनी सुचवले होते. मला ते पटत नाही. बंदराचा पैसा असाच असतो, सरमिसळ.

नाखुदा हा शब्द वर्गात आला की मुले त्याची फोड ‘ना-खुदा’ अशी करतात आणि घाबरतात. तो फारसी ‘नाव’ आणि ‘खुदा’, म्हणजे मालक, यांचा जोड आहे. नावेचा धनी. हाच शब्द किनाऱ्यावर झिजून कोळ्यांचा ‘नाखवा’ झाला. खुद्द ‘बंदर’ही फारसीच. कोकणातला कोळी आणि कोकणी मुसलमान एकच शब्द बोलत होते आणि मराठी बोलत होते, हे सांगायला मला शिक्षक म्हणून आवडते.

असाच दुसरा शब्द एका स्टेशनाच्या नावात आहे. सीएसएमटीनंतरचे स्टेशन मस्जिद. लोक समजतात जामा मशिदीवरून ते नाव पडले. सांगितले जाते ते वेगळे : जवळच सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ ला बांधलेले बेने इस्राएलांचे ‘शाअर हारहमीम’, दयेचे द्वार, नावाचे सिनेगॉग आहे. मराठी बोलणारे हे यहुदी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. बनी इस्राएल हे नाव कुराणात आहे, म्हणून टिपूच्या आईने त्यांची रदबदली केली, अशी परंपरेने आलेली कथा आहे. सुटकेच्या शुक्राण्यात त्यांनी हे सिनेगॉग बांधले. बाहेरूनच फोटो घ्या, आत जायचे तर परवानगीने. गल्ली अरुंद आहे, हातगाड्या फार.

भेंडी बाजारात १८६० ची इराणी मशीद आहे, लोक मोगल मशीद म्हणतात. निळ्या फरशांचा दर्शनी भाग, आत हौद आणि झाडे. सकाळचे नऊ-दहा उत्तम. आजूबाजूच्या जुन्या चाळी पाडून उंच इमारती उठत आहेत, त्यामुळे फोटोची चौकट दर वर्षी बदलते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक. मासळीचा लिलाव अंधारातच सुरू होतो. १८७५ चा हा डॉक बांधणाऱ्याचे नाव आल्बर्ट ससून, मूळ नाव अब्दुल्ला. बगदादी यहुदी, आणि धंदा कापसाचा. म्हणजे इथेही आपला ऊमरा आहेच. बंदराच्या हद्दीत कॅमेऱ्याला मोकळीक नसते, फाटकावर विचारूनच आत जा.

तिथून भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट इथूनच सुटली आणि बुडाली, सहाशेच्या वर माणसे गेली. फोटोसाठी माझी शिफारस अशी की धक्क्यावर थांबू नका, मोऱ्याच्या लाँचचे तिकीट काढा आणि मागे तोंड करून बसा. बंदर जमिनीवरून दिसत नाही, पाण्यावरून दिसते : क्रेन, नांगरलेली जहाजे, मागे शहर. जाऊन येईपर्यंत निम्मी सकाळ जाते. पावसाळ्यात मात्र हा बेत ठेवू नका.

परतीच्या गाडीआधी वेळ उरला तर पी. डिमेलो रस्त्यावर येलो गेटला जा. हाजींची जहाजे इथून सुटत. १९९५ ला शेवटचे, ‘अकबरी’, आणि नंतर सगळे विमानाने. १४ एप्रिल १९४४ ला ज्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे दारूगोळा आणि कापूस भरलेले जहाज फुटले आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, तो डॉकही आता बुजवला आहे. फाटकावर हाजींचा उल्लेख करणारी पाटी मला दिसली नाही. आत सोडत नाहीत, फोटो रस्त्यापलीकडूनच घ्यावा लागतो. माझ्याकडे या फाटकाचे चार फोटो आहेत, आणि चारही फोटोंत कंटेनरचा ट्रक आडवा आलेला आहे.