विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचा सहावा ड्यूक

विल्यम जॉर्ज स्पेन्सर कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचा सहावा ड्यूक (जन्म : २१ मे १७९०, पॅरिस, फ्रान्स, मृत्यू : १८ जानेवारी १८५८, हार्डविक हॉल, डर्बीशायर, इंग्लंड) हा एक ब्रिटिश उमराव, व्हिग पक्षाचा समर्थक, कलासंग्राहक व उद्यानप्रेमी होता. वडिलांच्या हयातीत तो मार्क्विस ऑफ हार्टिंग्टन या उपाधीने ओळखला जाई. घरच्यांसाठी तो ‘हार्ट’ होता. रीजन्सी काळातील लंडनच्या उच्चभ्रू समाजात देखणा, मनमिळाऊ आणि अमाप संपत्तीचा धनी असलेला हा तरुण उपवर मुलींच्या मातांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे स्थळ होता. त्याने मात्र अखेरपर्यंत लग्न केले नाही. त्यामुळे इतिहासात तो ‘बॅचलर ड्यूक’ म्हणजे अविवाहित ड्यूक या नावाने परिचित आहे. केळ्याच्या कॅव्हेंडिश गटाला त्याच्याच घराण्याचे नाव मिळाले आहे.

जन्म व बालपण

विल्यम हा पाचव्या ड्यूकचा व त्याची पहिली पत्नी जॉर्जियाना (पूर्वाश्रमीची लेडी जॉर्जियाना स्पेन्सर) हिचा एकुलता एक मुलगा. जॉर्जियाना आणि हॅरिएट या दोन मुलींनंतर, विवाहाला सोळा वर्षे होत आली असताना त्याचा जन्म झाला. इंग्लंडमधील उमराव घराण्यांत उपाधी व मुख्य जमीनजुमला थोरल्या मुलाकडे जात असे. मुलींना उपाधीचा वारसा मिळत नसे आणि मुलगा नसल्यास सारे काही चुलत शाखेकडे वळे. त्यामुळे या जन्माची कुटुंबाला किती प्रतीक्षा होती, याची कल्पना येते. मार्क्विस ही ड्यूकच्या थोरल्या मुलाने वापरायची केवळ सौजन्य-उपाधी होती. ती धारण करणाऱ्याला उमराव सभागृहात स्थान मिळत नसे.

त्याचे बालपण पिकॅडिलीवरील डेव्हनशायर हाउसमध्ये गेले. हे घर व्हिग राजकारणाचे, फॅशनचे आणि जुगाराचे केंद्र होते आणि त्याची आई त्या वर्तुळाची नायिका होती. घरातील नातेसंबंध मात्र विलक्षण गुंतागुंतीचे होते. आईची जिवलग मैत्रीण लेडी एलिझाबेथ फॉस्टर हीच वडिलांची प्रेयसी होती आणि ती याच कुटुंबात राहत असे. जॉर्जियानाला पुढे पंतप्रधान झालेल्या चार्ल्स ग्रेपासून दिवस गेले, तेव्हा १७९१ मध्ये तिला देशाबाहेर जावे लागले. त्या वेळी विल्यम जेमतेम दीड वर्षाचा होता. सप्टेंबर १७९३ मध्ये ती परतली, तेव्हा तीन वर्षांच्या या मुलाने आईला ओळखले नाही. पुढे मायलेकांत जिव्हाळा निर्माण झाला, परंतु ३० मार्च १८०६ रोजी जॉर्जियाना मरण पावली. विल्यम तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वडिलांनी १८०९ मध्ये एलिझाबेथ फॉस्टरशी विवाह केला. हा विवाह मुलांना रुचला नाही.

विल्यमचे शिक्षण हॅरो येथे व केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. तरुणपणापासूनच त्याला कमी ऐकू येत असे. नाचगाण्याच्या व गप्पांच्या मैफलींवर चालणाऱ्या समाजात हे व्यंग लहान नव्हते. राजकारणात तो फारसा पुढे न येण्यामागे हे एक कारण मानले जाते.

रीजन्सी काळातील तरुण ड्यूक

राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे राज्यकारभार पाहण्यास असमर्थ ठरल्याने ५ फेब्रुवारी १८११ रोजी युवराजाकडे रीजंट म्हणून कारभार आला. त्याच वर्षी मे महिन्यात विल्यम एकवीस वर्षांचा, म्हणजे कायद्याने सज्ञान झाला आणि २९ जुलै रोजी वडिलांच्या निधनाने ड्यूक बनला. वारशात त्याला सुमारे २ लाख एकर जमीन, इंग्लंड व आयर्लंडमधील आठ मोठी घरे आणि त्यासोबत भरपूर कर्जही मिळाले. डेव्हनशायर ही उपाधी डेव्हन परगण्याची असली तरी घराण्याचे मुख्य ठाणे, चॅट्सवर्थ, डर्बीशायरमध्ये आहे. नावामुळे पुष्कळांचा येथे घोटाळा होतो.

त्या काळी संसदेचे अधिवेशन चालू असताना उमराव कुटुंबे लंडनला येत आणि उन्हाळा सरेपर्यंत नृत्यसभा, भोजने व नाटके यांची रेलचेल असे. या ‘सीझन’चा एक मुख्य हेतू विवाह जुळवणे हा होता. नव्या ड्यूकने या समाजात यजमान म्हणून नाव कमावले. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४ मध्ये मित्रराष्ट्रांचे राजे लंडनला आले, तेव्हा त्याने चिझिक येथील आपल्या उपवनगृहात त्यांच्यासाठी मेजवानी दिली. याच चिझिकच्या बागेत त्याने पुढे प्राणिसंग्रहही ठेवला. त्यात एक हत्ती होता.

रशियाच्या राजघराण्याशी त्याचा विशेष स्नेह जुळला. ग्रँड ड्यूक निकोलस इंग्लंडच्या दौऱ्यावर आला असताना त्यांची मैत्री झाली. १८२६ मध्ये निकोलसच्या राज्याभिषेकासाठी ब्रिटिश सरकारने विल्यमलाच खास राजदूत म्हणून पाठवले. मॉस्कोतील थाटमाटासाठी त्याने स्वतःच्या खिशातून मोठा खर्च केला. पुढील वर्षी त्याला ऑर्डर ऑफ द गार्टर हा सन्मान मिळाला. १८२७ ते १८२८ आणि १८३० ते १८३४ या काळात तो लॉर्ड चेंबरलेन, म्हणजे राजगृहाच्या व्यवस्थेचा प्रमुख अधिकारी होता. दुसऱ्या वेळी पंतप्रधान होता तो चार्ल्स ग्रे, म्हणजे त्याच्या सावत्र बहिणीचा पिता. कॅथलिकांना समान हक्क व गुलामगिरीचे उच्चाटन या व्हिग मतांना त्याचा पाठिंबा होता.

अविवाहित राहण्यामागील कारणे

किशोरवयात विल्यमचा जीव आपली मावसबहीण कॅरोलाइन पॉन्सन्बी हिच्यावर जडला होता. १८०५ मध्ये तिने विल्यम लॅमशी लग्न केले, तेव्हा पंधरा वर्षांच्या या मुलाला मोठा धक्का बसला. हीच लेडी कॅरोलाइन लॅम पुढे कवी बायरनबरोबरच्या प्रकरणामुळे प्रसिद्ध झाली.

परदेशात झालेल्या जन्मामुळे एक कुजबुज दीर्घकाळ चालू राहिली. विल्यम हा जॉर्जियानाचा नव्हे तर एलिझाबेथ फॉस्टरचा मुलगा असून बाळांची अदलाबदल झाली आणि म्हणून लग्न न करण्याच्या अटीवर चुलत्याने त्याचा वारसा मान्य केला, अशी ती कथा होती. तिला पुरावा नाही आणि इतिहासकार ती मानत नाहीत. कथा टिकली, कारण इतका श्रीमंत माणूस स्वखुशीने अविवाहित राहील हे तत्कालीन समाजाला पटण्यासारखे नव्हते. १८२७ पासून सुमारे दहा वर्षे एलायझा वॉरविक ही त्याची सहचारिणी होती.

सावत्र आईबद्दलची तरुणपणीची अढीही पुढे निवळली. १८२४ मध्ये रोममध्ये तिच्या अखेरच्या दिवसांत तो तिच्याजवळ होता.

चॅट्सवर्थ आणि जोसेफ पॅक्स्टन

वारस जन्माला घालण्याऐवजी ड्यूकने आयुष्य वारशाला सजवण्यात घालवले. वास्तुविशारद जेफ्री वायटव्हिल याच्याकडून त्याने चॅट्सवर्थला उत्तरेकडील प्रशस्त भाग जोडून घेतला आणि तेथे शिल्पदालन उभारले. इटालियन शिल्पकार कानोव्हा याची कामे त्याला अतिशय प्रिय होती. निद्रिस्त एंडिमियनचा पुतळा त्याने खास त्याच्याकडून करवून घेतला. एली येथील बिशपचा ग्रंथसंग्रह आणि नट जॉन फिलिप केंबल याचा जुन्या नाटकांचा संग्रहही त्याने विकत घेतला.

त्याच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे नाते एका शेतकऱ्याच्या मुलाशी जुळले. हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग चिझिकला ड्यूकच्याच जमिनीवर होती. तेथे काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या जोसेफ पॅक्स्टनशी बोलताना तो प्रभावित झाला आणि १८२६ मध्ये त्याने त्याला चॅट्सवर्थचा मुख्य माळी नेमले. स्वतः ड्यूक रशियाला निघाला होता. पॅक्स्टन ९ मे रोजी पहाटे साडेचारला पोहोचला, बंद फाटकावरून आत गेला, बाग पाहिली, माणसांना कामाला लावले आणि न्याहारीच्या वेळी भेटलेल्या कारभारणीच्या भाचीशी पुढे लग्न केले. मालक-नोकराचे हे नाते हळूहळू मैत्रीत बदलले. १८३८-३९ मध्ये दोघांनी युरोपचा दीर्घ प्रवास एकत्र केला.

१८३३ मध्ये एका प्रदर्शनात फुलपाखरासारखे ऑर्किड पाहून ड्यूकला आमरींचा छंद लागला. या छंदाची किंमत इतरांनीही मोजली: वनस्पती आणण्यासाठी उत्तर अमेरिकेला पाठवलेले चॅट्सवर्थचे दोन तरुण माळी कोलंबिया नदीत बुडून मरण पावले. १८३६ ते १८४१ या काळात पॅक्स्टनने २२७ फूट लांब व १२३ फूट रुंद असे प्रचंड काचगृह बांधले. त्यातून घोडागाडी जाऊ शके. १८४९ च्या नोव्हेंबरमध्ये पॅक्स्टनने दक्षिण अमेरिकेतील महाकाय कमळ, व्हिक्टोरिया, चॅट्सवर्थमध्ये फुलवले. या काचकामाच्या अनुभवातूनच १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस साकारला.

झार निकोलस भेटीला येईल या अपेक्षेने १८४३-४४ मध्ये बागेत एम्परर नावाचे कारंजे बांधले गेले. त्याची धार २९६ फूट उंच गेल्याची नोंद आहे. झार काही चॅट्सवर्थला आला नाही.

हे सारे कर्जावर चालले होते. १८४४ च्या सुमारास कर्ज १० लाख पौंडांच्या घरात गेले. ड्यूकला यॉर्कशायरमधील लाँड्सबरोची मालमत्ता रेल्वे-उद्योजक जॉर्ज हडसन याला विकावी लागली. आपल्या घरांविषयी व त्यांतील वस्तूंविषयी त्याने बहिणीला उद्देशून लिहिलेले पुस्तक १८४५ मध्ये खाजगीरीत्या छापले गेले. त्यातला मिस्कील, मोकळा सूर आजही वाचनीय आहे.

भारताशी संबंध

ड्यूकने चॅट्सवर्थचा माळी जॉन गिब्सन याला १८३५ मध्ये भारतात पाठवले. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड ज्या जहाजाने येत होता, त्याच जहाजाने गिब्सन कलकत्त्याला आला. खासी टेकड्यांतून त्याने ऑर्किडांचा मोठा संग्रह केला. ॲम्हर्स्टिया नोबिलिस हा मूळ ब्रह्मदेशातील वृक्ष मिळवणे हे त्याचे मुख्य काम होते. १८३७ मध्ये त्याचे जिवंत रोप चॅट्सवर्थला पोहोचले. मात्र इंग्लंडमध्ये त्याला प्रथम फुले आली ती १८४९ मध्ये, ईलिंग येथे लुइसा लॉरेन्स यांच्याकडे. हाच वृक्ष मराठीत उर्वशी म्हणून ओळखला जातो आणि मुंबईच्या राणीच्या बागेत तो पाहायला मिळतो.

पॅक्स्टनने मॉरिशसमार्गे आलेले केळीचे एक बुटके वाण काचगृहात वाढवले. ते १८३५ मध्ये फुलले आणि त्याला ड्यूकच्या घराण्यावरून म्युसा कॅव्हेंडिशी असे नाव देण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यास पनामा रोगाने ग्रो मिशेल हे निर्यातीचे वाण नष्टप्राय झाल्यावर कॅव्हेंडिश गटाने जागतिक बाजारपेठ व्यापली. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल भागांत पिकणारी बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन ही वाणे याच गटातील होत.

मृत्यू व नंतर

१८ जानेवारी १८५८ रोजी हार्डविक हॉल येथे ड्यूकचे निधन झाले. उपाधी चुलत शाखेतील बर्लिंग्टनचा दुसरा अर्ल विल्यम कॅव्हेंडिश याच्याकडे गेली. बॅरन क्लिफर्ड ही जुनी उपाधी दोन बहिणींमध्ये विभागली जाऊ शकत नसल्याने अनिर्णित राहिली. पहिल्या महायुद्धात कोळसा व मनुष्यबळ यांच्या अभावी मोठ्या काचगृहातील झाडे मेली आणि १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडण्यात आले. हे काम पॅक्स्टनच्याच नातवाने केले. लंडनचे डेव्हनशायर हाउस १९२४ मध्ये पाडले गेले. चॅट्सवर्थ आज जनतेसाठी खुले आहे. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ च्या कादंबरीत त्याचा नावाने उल्लेख येतो, आणि २००५ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटात डार्सीचे घर म्हणून चॅट्सवर्थ व तेथील शिल्पदालनच दाखवले आहे.