रोपर यांची वाफेची दुचाकी

क्लच आणि गिअरबॉक्स नसलेली मोटरसायकल चालेल का? अमेरिकेत बोस्टनजवळच्या रॉक्सबरीत सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६९ च्या सुमारास अशी दुचाकी स्वतः बनवली. दोन चाकांच्या मधे लोणारी कोळशाची भट्टी व बॉयलर, दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर, आणि पिस्टनचे दांडे थेट मागच्या चाकाच्या क्रँकना जोडलेले. वाफेचे इंजिन चाक स्थिर असतानाही जोर लावते, म्हणून क्लच लागत नाही. पेट्रोल इंजिन तिथे बंद पडते. (हे कारण उत्तरपत्रिकेत बरेचजण विसरतात.) पाण्याची टाकी म्हणजे बसायची सीटच! हँडल पिळले की वाफ सुटे.

१ जून १८९६ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, केंब्रिजच्या सायकल ट्रॅकवर आपली नवी वाफेची सायकल वेगात चालवताना रोपर कोसळले व मरण पावले. तपासणीत हृदय बंद पडल्याचे आढळले. ते पडण्याआधी की पडल्यामुळे, याचा निर्णय झाला नाही.