एकच सिलिकॉन, तीन भाव

१९९८ सालच्या ऑगस्टमध्ये इंटेलने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. पहिला ऐपतवाल्यांसाठी, दुसरा काटकसर करणाऱ्यांसाठी, अशी सरळ विभागणी होती. ती फार काळ टिकली नाही.

प्रोसेसरचा वेग हा एक साधा गुणाकार असतो. मदरबोर्डवरच्या बसचा वेग गुणिले प्रोसेसरमध्ये ठरवलेला गुणक. सेलेरॉनचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि बस होती ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून उत्तर ३००. पण त्याच काळातले चांगले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झची बस देत. हौशी लोकांनी बसची सेटिंग बदलली आणि उत्तर आलं ४५०. बहुतेक ३००ए हा वेग विनातक्रार पेलत होते.

नुसता वेग सारखा झाला म्हणून काम सारखं होतंच असं नाही. मधे येते कॅश मेमरी. हाताशी ठेवलेलं सामान जसं चटकन मिळतं, तशी प्रोसेसरला लगेच लागणारी माहिती तिथे असते. पेंटियम टूकडे ५१२ किलोबाइट कॅश होती, पण ती चिपच्या बाहेर होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. सेलेरॉनकडे फक्त १२८ किलोबाइट, पण चिपच्या आत आणि पूर्ण वेगाने. दोन्ही ४५० वर चालवले की बहुतेक गेममध्ये जवळपास बरोबरी व्हायची. म्हणजे ६६९ डॉलरचं काम १४९ डॉलरमध्ये.

इंटेलने असं का होऊ दिलं? त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये ही दुसऱ्या पातळीची कॅश अजिबात नव्हती. तो इतका मंद ठरला की त्याची टिंगल झाली. समोर एएमडी स्वस्तातला के६-२ घेऊन उभी होती. म्हणून इंटेलला घाईने कॅश द्यावी लागली, आणि ती गरजेपेक्षा चांगली दिली गेली.

याच वर्षी जूनमध्ये तिसरी पाटी लागली होती: झिऑन. सर्व्हरसाठीचा हा प्रोसेसर पेंटियम टूच्याच गाभ्यावर बांधलेला, फक्त कॅश पूर्ण वेगाची आणि जास्त मेगाबाइटच्या प्रकारांत उपलब्ध. किंमत हजार डॉलरच्या पुढे. सेलेरॉन, पेंटियम टू, झिऑन ही तिन्ही एकाच घराण्यातली भावंडं, पण गिऱ्हाईक पाहून तिघांचे भाव ठरले.

ही युक्ती संगणकाहून जुनी आहे. फ्रान्समधले अभियंते आणि अर्थचिंतक ज्यूल द्युपुई यांनी १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल लिहिलं होतं. त्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च परवडत नव्हता म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. सेलेरॉनचं काढून घेतलेलं छप्पर म्हणजे बस, कॅश आणि आणखी एक गोष्ट: दोन प्रोसेसर जोडीने चालवण्याची सोय. ती झिऑन आणि पेंटियम टूसाठी राखीव होती. पण सेलेरॉनच्या सिलिकॉनमध्ये ती क्षमता होतीच. १९९९ मध्ये अ‍ॅबिट कंपनीने बीपी६ हा मदरबोर्ड काढला. त्यात दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसत. घरगुती पैशात दोन प्रोसेसरचं यंत्र तयार! मात्र विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. त्यासाठी लिनक्स किंवा विंडोज एनटी लागे. पुढच्या पिढीच्या सेलेरॉनमध्ये इंटेलने ही फट बुजवून टाकली.

आता चौदा वर्षं पुढे जाऊ. मार्च २०१२ मध्ये झिऑन ई५-२६७० आला. आठ कोअर, सोळा थ्रेड, २.६ गिगाहर्ट्झ मूळ वेग, २० मेगाबाइट कॅश, ११५ वॅट. किंमत सुमारे १,५५० डॉलर. घरगुती गिऱ्हाइकासाठी इंटेलने त्याआधी चारच महिने कोअर आय७-३९६०एक्स आणला होता. सहा कोअर, १५ मेगाबाइट कॅश, ९९० डॉलर. दोघांची चिप एकच. आय७मध्ये आठपैकी दोन कोअर आणि काही कॅश बंद करून ठेवलेली. हा खरोखर विनाछपराचा डबा.

इंटेलची बाजूही ऐकली पाहिजे. एवढ्या मोठ्या चिपमध्ये कारखान्यातच एखादा कोअर सदोष निघतो. तो बंद करून चिप विकली नाही तर ती कचऱ्यात जाईल. शिवाय महागडा झिऑन घेणाऱ्या बँका आणि डेटा सेंटर संशोधनाचा मोठा खर्च उचलतात, म्हणून स्वस्त प्रोसेसर स्वस्तात मिळू शकतो. हे खरं आहे. पण २००७ ते २०१७ या दहा वर्षांत इंटेलच्या सर्वसामान्य डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चारच्या वर कोअर गेले नाहीत, हेही तितकंच खरं आहे. आठ कोअरचा पहिला इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर २०१४ मध्ये आला, तोही ९९९ डॉलरला.

ती भिंत पाडली डेटा सेंटरच्या भंगाराने. तिथे यंत्रं चोवीस तास चालतात. वीज, थंडावा आणि जागा यांचा हिशेब केला की जुने प्रोसेसर चालू ठेवण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. २०१५-१६ च्या सुमारास ई५-२६७० जुन्या बाजारात ढिगाने आले आणि भाव ७० डॉलरच्या आसपास उतरला. प्रोसेसर मुबलक, पण ते बसतील असे मदरबोर्ड दुर्मीळ. मग चिनी कारखान्यांनी जुन्या यंत्रांतले चिपसेट काढून नवे मदरबोर्ड बनवले, आणि रशिया, ब्राझील, भारत अशा देशांत ते ऑनलाइन पोचले.

हा सौदा कसा होता? त्या वेळचा नवा आय७-६७००के घ्या. चार कोअर, ४ गिगाहर्ट्झ, ३५० डॉलर. व्हिडिओ किंवा थ्रीडी रेंडरिंगमध्ये, जिथे काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं, तिथे जुना झिऑन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. पण बऱ्याच गेममध्ये एकदोन थ्रेडवरच भार असतो. तिथे तो स्पष्टपणे मागे पडायचा.

आणि विजेचं बिल. जुनं यंत्र नव्यापेक्षा १०० वॅट जास्त खात असेल आणि रोज दहा तास चालत असेल, तर रोजचं एक युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला २,९२० रुपये. तेव्हाच्या दराने ७० डॉलर म्हणजे साधारण पावणेपाच हजार रुपये. म्हणजे दोन वर्षांच्या आत प्रोसेसरची किंमत पुन्हा एकदा वीज कंपनीला भरायची. आठवड्यातून एकदा रेंडर लावणाऱ्याला हा सौदा सोन्यासारखा, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला तितका नाही.

मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणला. नवाकोरा आठ कोअरचा रायझन ७ १७०० मिळू लागला ३२९ डॉलरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने सर्वसामान्य डेस्कटॉपला सहा कोअर दिले. दहा वर्षं न हललेला आकडा स्पर्धा येताच काही महिन्यांत हलला.

तुमच्या हातातल्या फोनमध्येही हा खेळ चालू आहे. २०२१च्या आयफोन १३ आणि १३ प्रो या दोन्हींत ए१५ हीच चिप होती. पण साध्या फोनच्या ग्राफिक्सला चार कोअर, प्रोला पाच. म्हणून जुना असो वा नवा, प्रोसेसर घेताना त्याच्या नावापेक्षा चार प्रश्न जास्त कामाचे: माझं काम किती कोअरमध्ये वाटलं जातं? एका कोअरचा वेग किती? तो बसेल असा मदरबोर्ड कितीला मिळतो? आणि मी तो रोज किती तास चालवणार? १९९८ मध्ये सेलेरॉन घेणाऱ्यांनी पहिले तीन प्रश्न नीट विचारले होते. चौथा डेटा सेंटरवाल्यांनी विचारला, म्हणून तर त्यांचे झिऑन बाजारात आले.