हुकूम कशाचा?

त्या चित्रपटाला आम्ही गेलो ते निव्वळ गैरसमजातून. आमच्या रविवारच्या मेंढीकोटाच्या अड्ड्यातले बँकवाले एके दिवशी हातात कागद नाचवत आले आणि म्हणाले, "फिल्म क्लबात पत्त्यांवरचा सिनेमा आहे. 'ताशेर देश'. ताश म्हणजे पत्ते, एवढं हिंदी मला येतं!" सिनेमा बंगालीत आहे ही बाब त्यांनी किरकोळ मानली. ज्याने तीस वर्षे पाने पिसली त्याला पत्त्यांची भाषा वेगळी शिकावी लागत नाही, असे त्यांचे मत. तेव्हा बँकवाले, कोर्टवाले, शाळामास्तर आणि मी असे चौघे निघालो. ऐनवेळी माझ्या आत्यालाही बरोबर घ्यावे लागले, कारण घरी रंगकाम चालू होते आणि त्या वासाने तिला खोकल्याची उबळ येत असे.

दिग्दर्शकाचे नाव क्यू. पूर्ण नाव कौशिक मुखर्जी, पण ते एवढ्या एकाच अक्षरावर भागवतात. नाव क्यू असले तरी दाराशी क्यू नव्हता. आम्ही धरून पंचवीसएक माणसे असतील. चित्रपट २०१२ चा. तो आधी रोमच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०१३ साली आपल्याकडे लागला.

सुरुवातीला बराच वेळ पत्ता म्हणून दिसेना. एक कंटाळलेला राजपुत्र आणि त्याचा मित्र, एक व्यापाऱ्याचा मुलगा. "डाव मांडणार कधी?" बँकवाल्यांनी विचारले. अखेर दोघे समुद्रमार्गे एका बेटावर पोचले आणि पत्ते आले. पण काय ते पत्ते! चेहऱ्यांना पांढरा रंग फासलेला, अंगावर गणवेश आणि चालणे कवायतीचे. मागच्या रांगेत कोणी तरी फस्सकन हसले. पुढच्या रांगेतले एक दाढीवाले गृहस्थ मागे वळून त्यांच्याकडे असे बघायला लागले, की जणू हसणारा माणूस देवळात चपला घालून आला आहे.

इतक्यात रवींद्रनाथांची गाणी सुरू झाली, पण विजेच्या वाद्यांवर आणि दणदणाटी तालावर. मास्तर ताडकन उठले. त्यांच्या वर्गात भिंतीवर गुरुदेवांची तसबीर असे. "ह्याला परवानगी कोणी दिली?" एवढे विचारून ते बाहेर गेले. पाठोपाठ बँकवाले, पैसे फुकट गेल्याच्या दुःखात. कोर्टवाले मात्र बसले होते. त्यांना झोप लागली होती.

मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर सापडले. परवानगीची गरजच नव्हती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्या वेळच्या कायद्याने पन्नास वर्षांनी त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले व्हायचे होते. पण मुदत संपत आली तेव्हा कायदा बदलून ती आणखी दहा वर्षे वाढवण्यात आली. म्हणजे २००१ च्या अखेरपर्यंत हक्क विश्वभारतीकडे होते आणि गाणे कसे गायचे ह्यावर तिथल्या संगीत समितीची नजर असे. नियमांची थट्टा करणारे हे नाटक स्वतःच इतकी वर्षे नियमांच्या पहाऱ्यात होते, हा विनोद खुद्द नाटककारालाही आवडला असता.

कारण गोष्ट आहेच मुळी नियमांची. रवींद्रनाथांनी १८९२ साली 'एकटा आषाढे गल्प' नावाची कथा लिहिली. आषाढे गल्प म्हणजे पावसाळ्यात घरबसल्या मारलेली लोणकढी थाप. पुढे चाळीस वर्षांनी, १९३३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी तिचे नृत्यगीतांनी भरलेले नाटक केले. कलकत्त्यात प्रयोग झाले आणि त्याच वर्षी ते मंडळी घेऊन मुंबईलाही येऊन गेले. नाटकातल्या बेटावर प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पंजाने पंजासारखे चालायचे, छक्क्याने छक्क्यासारखे. का, हे विचारायचे नाही. राजपुत्र त्यांची चाल पाहून हसतो, तर हसणे हाच गुन्हा ठरतो. मग तो एक शब्द त्या बेटावर सोडून देतो, 'इच्छा'. तो शब्द गोवरासारखा पसरतो आणि आधी लागण होते बायकांना. बदामाची राणी, बंगालीत हरतनी, माणूस व्हायला लागते. पुढच्या आवृत्तीत रवींद्रनाथांनी हे नाटक सुभाषचंद्र बोसांना अर्पण केले. तेव्हा थाप म्हणावी तर ती भलतीच गंभीर थाप होती.

पण पत्त्यांची माणसे झालेली पाहून प्रेक्षकांना काय वाटेल ह्याचा भरवसा कधीच नव्हता. इंग्लंडात १९०३ साली सेसिल हेपवर्थनी 'ॲलिस'वर जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट काढला. त्यात शाळकरी मुले पत्त्यांचे कपडे घालून मिरवणुकीने चालत होती. १९३३ सालीच, म्हणजे रवींद्रनाथांच्या नाटकाच्याच वर्षी, हॉलिवूडने मोठमोठे नट घेऊन 'ॲलिस' केला. गॅरी कूपर, केरी ग्रँट, सगळे. फक्त केरी ग्रँटना कासव करून असे झाकले, की लोकांना तिकीट काढूनही ते दिसले नाहीत. चित्रपट पडला. डिस्नेनी १९५१ साली रंगीत पत्त्यांची पलटण नाचवली, तीही पडली. इंग्रज टीकाकार म्हणाले, आमच्या ॲलिसची ह्यांनी वाट लावली. आमच्या मास्तरांचेच भाऊबंद! पण साठीचे दशक संपता संपता अमेरिकेतली कॉलेजची पोरे त्याच चित्रपटावर फिदा झाली आणि १९७४ साली कंपनीने तो पुन्हा थेटरांत आणला. पत्ते तेच होते, फक्त समोरचे बसणारे बदलले होते.

आमच्या खेळात बसणारी बदलली नव्हती, पण एक जण पाहत होती. आत्याला बंगाली येत नव्हते आणि पडद्याखालची इंग्रजी अक्षरेही वाचता येत नव्हती. मध्येच काही प्रसंग असे आले की मी चष्मा काढून पुसत बसलो. ती मात्र टक लावून बघत होती. "ती बदामाची राणी सारखं काय म्हणतेय रे?"

"इच्छा म्हणतेय."

"कसली?"

"कसली असं नाही. नुसतीच इच्छा."

"असं," आत्या म्हणाली. नंतर शेवटपर्यंत काही बोलली नाही. दिवे लागल्यावर आम्ही कोर्टवाल्यांना उठवले.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे डाव मांडला. बँकवाले पाने पिसत होते आणि तो सिनेमा किती भिकार होता हे पाचव्यांदा सांगत होते. आत्या चहाचा ट्रे घेऊन आली. तीस वर्षे ती हा ट्रे आणत होती. आमचे कोट लिहून ठेवायची, कोणी पान चुकवले तर हळूच खाकरायची. पण तिला पान वाटावे असे आमच्यापैकी कोणालाही कधी सुचले नव्हते. तिने ट्रे ठेवला आणि म्हणाली, "आज मला पण वाटा."

बँकवाल्यांचा हात हवेतच राहिला. "अहो आत्याबाई, मेंढीकोट चौघांचाच. नियम आहे तो."

कोर्टवाल्यांनी कायद्याच्या दृष्टीने विचार केला. मास्तरांनी छताकडे पाहिले. मला एकाएकी तिघांच्याही चेहऱ्यांवर पांढरा रंग दिसायला लागला. माझ्या चेहऱ्यावरही असणार, पण आरसा समोर नव्हता.

"किती वर्षं इच्छा होती," आत्या म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. पावसाळी हवा आहे म्हणावे तसे म्हणाली.

मी उठलो. माझी जागा तिला दिली आणि दुसरा चहा टाकायला आत गेलो. साखरेचा डबा कुठे असतो हे मला ठाऊक नाही, हा शोध मला वयाच्या साठीत लागला. रव्याच्या डब्यापर्यंत मजल गेली असेल, तोच बाहेरून बँकवाल्यांचा कुरकुरता आवाज आला, "बरं, हुकूम कशाचा?"

"बदाम!" आत्या म्हणाली.

त्या डावात तिने चारही मेंढ्या ओढल्या. माझ्या चहात साखर नव्हती, पण तक्रार कोणीच केली नाही. नियम म्हणून नव्हे. बोलायला कोणाला तोंडच राहिले नव्हते.