घरगुती सर्वांगव्यायाम व सूर्यनमस्कार : साधनांचा विचार

सूर्यनमस्कार हा व्यायाम किती प्राचीन, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोन उत्तरें ऐकूं येतात. एक पक्ष तो थेट वेदकाळास नेऊन भिडवितो; दुसरा म्हणतो कीं, औंधच्या राजेसाहेबांनीं तो विसाव्या शतकांत नवाच निर्माण केला. दोन्ही पक्षांचा घोटाळा एकच आहे. सूर्यास नमस्कार केव्हांपासून घालीत, हा एक प्रश्न. तालमीची पायरी कधीं न चढलेला गृहस्थ सर्व शरीराचा व्यायाम म्हणून ते घरच्या घरीं केव्हांपासून घालूं लागला, हा दुसरा. दोहोंचीं साधनें निराळीं आहेत. प्रस्तुत लेखांत दुसऱ्या प्रश्नापुरताच विचार कर्तव्य आहे.

प्रथम मल्लविद्येकडील साधनें पाहूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत मल्लविनोद म्हणून प्रकरण आहे. ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा. त्यांत मल्लांच्या मेहनतीस 'श्रम' हा शब्द योजून तिचे भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम असे प्रकार सांगितले आहेत. वजन उचलणें, चालणें, पोहणें, बाहुबळाची झुंज आणि खांबावरील मेहनत, असा त्यांचा थोडक्यांत अर्थ. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण बडोद्याहून १९६४ सालीं छापून निघालें. त्यांत ही यादी आणखी लांबते, आणि जिने चढणें, जेवणानंतर शतपावली करणें येथपर्यंत पोहोंचते. यादी मोठी खरी, पण ती कोणासाठीं? ज्याचा खुराक राजाच्या कोठींतून चालतो व ज्यास उद्यां रंगांत उतरावयाचें आहे, अशा पेशेवाल्या मल्लासाठीं. त्यास खांब पाहिजे, हौद पाहिजे, जोडीदार पाहिजे, उस्ताद पाहिजे. घरीं बसलेल्या माणसाचा विचार या ग्रंथांस करण्याचें कारणच नव्हतें.

गृहस्थाचा विचार वैद्यांनीं केला. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्येंत व्यायाम सांगून तो अर्ध्या शक्तीनेंच करावा असें बजाविलें आहे. बाल, वृद्ध व अजीर्णी यांस तो वर्ज्य केला आहे. अर्धी शक्ति ओळखावी कशी, तें सुश्रुतानें दिलें आहे: श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे थांबावें. नवशिक्यास याहून सोपें माप आजही सांगतां येणार नाहीं. तथापि वैद्यक किती करावें तें सांगतें. काय करावें, कोणत्या क्रमानें करावें, हें गृहस्थास सांगत नाहीं. मल्लग्रंथांत प्रकार आहेत पण गृहस्थ नाहीं, वैद्यकांत गृहस्थ आहे पण प्रकार नाहींत, अशी ही स्थिति आहे.

आतां नमस्कार. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा घेऊन, त्यांस बीजाक्षरें जोडून सूर्यास नमस्कार घालण्याचा जो विधि तो तृचाकल्प. याच्या पोथ्या वैदिकांच्या घरच्या रुमालांत आढळतात. त्या ऋचांत हृद्रोग व कावीळ यांच्या नाशाची प्रार्थना आहे. म्हणजे विधीचा हेतु आरोग्य हाच आहे, हें वेदपक्षाचें म्हणणें खोटें नव्हे. परंतु तें आरोग्य सूर्याच्या प्रसादानें मिळावयाचें, अंग हलविल्यानें नव्हे. याचा पुरावा आपल्या चालीरीतींतच आहे. आजारी यजमानानें आपल्या वतीनें ब्राह्मणाकडून नमस्कार घालवावे, व त्यास दक्षिणा द्यावी, अशी चाल आपल्याकडे होती. पुण्य असें दुसऱ्याच्या हातून मिळूं शकतें. दुसऱ्यानें काढलेल्या जोरांनीं आपला दंड भरल्याचें मात्र कोणीं ऐकिलें नसेल.

समर्थ रामदास टाकळीस रोज शेंकडों नमस्कार घालीत, ही परंपरा सर्वश्रुत आहे. ती उत्तरकालीन चरित्रकारांची आहे. तिच्यावर व्यायामाच्या इतिहासाचा पाया घालणें मला धोक्याचें वाटतें. ती खरी धरली तरी तेथें उपासना व बलसाधना हीं वेगळीं काढतां येत नाहींत.

याहून बळकट साधन हठप्रदीपिकेच्या ज्योत्स्ना टीकेंत आहे. टीकाकार ब्रह्मानंद हा एकोणिसाव्या शतकांतला. हठाभ्यासास नुकता लागलेल्या साधकानें काय वर्ज्य करावें, हें सांगतांना मूळांत शरीरास क्लेश देणाऱ्या कर्मांचा उल्लेख आला आहे. त्याचें उदाहरण देतांना ब्रह्मानंद बहुत सूर्यनमस्कार घालणें आणि जड ओझीं वाहणें हीं दोन्ही एका ओळींत बसवितो. या एका वाक्यानें दोन गोष्टी सिद्ध होतात. त्या काळीं नमस्कार मोठ्या संख्येनें घालीत व त्यानें शरीर शिणतें हें लोकांस चांगलें ठाऊक होतें. आणि योगाभ्यासी मनुष्य त्यास योगाचें अंग मानीत नव्हता. उलट नवशिक्यानें त्यापासून दूर राहावें असें त्याचें मत होतें. आज सूर्यनमस्कार हाच योगाचा पहिला पाठ समजला जातो, हें पाहून ब्रह्मानंदास काय वाटलें असतें कोण जाणे!

ही समजूत उलटली कशी? येथें भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि यांचें कार्य येतें. त्यांचा जन्म १८६८ चा. १९०९ पासून औंध संस्थानाचें आधिपत्य त्यांजकडे होतें. ते प्रथम नमस्कारांकडे वळले नव्हते. सँडो या यूरोपीय मल्लाचीं पुस्तकें व उपकरणें त्यांनीं १८९७ सालीं आणविलीं व सुमारें दहा वर्षें त्याच पद्धतीनें मेहनत केली. मग मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून नमस्कार धरिले. हा क्रम महत्त्वाचा आहे. सँडोची पद्धति म्हणजे तालीम सोडून घराच्या खोलींत, पुस्तक पाहून, नेमानें व हिशेबानें करावयाची मेहनत. भवानरावांनीं उपकरणें टाकलीं, पण तो नेम व तो हिशेब ठेविला, आणि त्यांत घरचा नमस्कार बसविला.

त्यांच्या पद्धतींत नमस्काराचीं दहा अंगें निश्चित केलेलीं आहेत. हात एकदां जमिनीवर टेकले म्हणजे उठेपर्यंत जागचे हलवावयाचे नाहींत. पाय मागें जावयाचे ते एकामागून एक. साष्टांगांत कपाळ, छाती, तळहात, गुडघे व चवडे टेकावयाचे. प्रत्येक स्थितीस श्वासाचा नियम. मधलें अंग तालमींतील जोराशीं जुळतें, हें दंड मारणाऱ्यास सांगावयास नको. बीजमंत्र व मित्र, रवि आदि बारा नांवें त्यांनीं ठेविलीं, पण त्यांच्या उच्चाराचाही शरीरावर परिणाम होतो असें प्रतिपादिलें. आरंभ थोड्या नमस्कारांनीं करून संख्या हळूहळू वाढवावी, हा नवशिक्यास त्यांचा उपदेश वाग्भटाच्या वळणाचा आहे. स्वतः ते रोज तीनशें घालीत. स्त्रियांनींही नमस्कार घालावे हा त्यांचा आग्रह होता, व संस्थानांतील शाळांत त्यांनीं ते सक्तीचे केले. तालमीनें ज्यांस कधीं दार उघडलें नव्हतें, त्यांस याप्रमाणें एका सतरंजीएवढ्या जागेंत सर्वांगाची मेहनत मिळाली; माझ्या मतें त्यांचें खरें नवें कार्य हेंच होय.

पुढील हकीकत प्रसिद्धच आहे. त्यांचें इंग्रजी पुस्तक १९२८ च्या सुमारास निघालें. लुईस मॉर्गन या बाईंनीं संपादिलेली आवृत्ति १९३८ सालीं लंडनमध्यें छापली, व तिच्या नांवांतच दहा अंगांचा उल्लेख आहे. बडोद्याचा दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश (१९३६-४९) तयार होईपर्यंत नमस्कार हा जोर-बैठकांच्या पंक्तीस बसलेला होता.

सारांशानें दोन्ही पक्ष अर्धे खरे ठरतात, पण तृचाकल्पाच्या पोथ्यांची तपासणी अजून व्हावयाची आहे. त्यांत मंत्र, न्यास व अर्घ्य यांचा विस्तार असतो. शरीर कसें ठेवावें याविषयीं बहुधा मौन असतें. ज्यांचे संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांनीं लेखनाचा शक पाहावा, आणि पाय मागें नेणें, गुडघे टेकणें, मान वर करणें असा कांहीं क्रम दिला आहे कीं काय तेंही पाहावें. समासांतील व पुठ्ठ्याच्या आंतील टिपणें वगळूं नयेत; असा क्रम कोणा नमस्कार घालणारानें आपल्यापुरता लिहून ठेवण्याचा संभव तेथेंच अधिक. शके १७५० पूर्वींची अशी एक जरी पोथी हातीं आली, तरी वरील निर्णय बदलावा लागेल.